चेहरा कार्मेनचा, आवाज दुसरीचा

प्रॉस्पर मेरिमेच्या १८४५ सालच्या दीर्घकथेत जन्मलेली कार्मेन १८७५ साली बिझेच्या ऑपेरात गाऊ लागली. १९४३ मध्ये ऑस्कर हॅमरस्टाइन (दुसरा) याने तिला युद्धकाळातील अमेरिकेत, कृष्णवर्णीयांच्या जगात, पॅराशूटच्या कारखान्यात आणून उभे केले आणि 'कार्मेन जोन्स' ही संगीतिका रंगभूमीवर आली. तिच्यावर ऑटो प्रेमिंजरने १९५४ मध्ये चित्रपट काढला. रूपांतरप्रक्रिया शिकवताना हा प्रवास आम्ही वर्गात अनेकदा सांगितला आहे. पण त्या चित्रपटातील नायिकेचे नाव आमच्याही बोलण्यात ओझरतेच यायचे, हे कबूल करायला हवे. ते नाव डोरोथी डॅण्ड्रिज.

९ नोव्हेंबर १९२२ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे तिचा जन्म झाला. आई रूबी स्वतः कलावंत. तिने दोन्ही मुलींना लहानपणीच रंगमंचावर उभे केले. नाच आणि गाणे हीच डोरोथीची शाळा. पुढे हॉलिवूडमध्ये रूबीच्या वाट्याला प्रामुख्याने मोलकरणींच्या भूमिका आल्या. डोरोथी बहिणीबरोबर न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायली, आणि मग एकटीने नाइट क्लबांतून गाऊन तिने नाव कमावले. थोडक्यात, अभिनेत्री होण्याआधी ती गायिका होती.

प्रेमिंजरला ती कार्मेनसाठी फार सोज्वळ वाटली होती. तेव्हा ती कार्मेनच्या वेशात, कार्मेनच्या ठसक्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि भूमिका जिंकली. भूमिका मिळाली, पण गाणी मिळाली नाहीत. पडद्यावर डॅण्ड्रिजचे ओठ हलतात. आवाज आहे मेरिलिन हॉर्न या वीस वर्षांच्या गौरवर्णीय गायिकेचा.

पार्श्वगायन आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की यात विशेष काय, असे वाचकाला वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. शिवाय बिझेची सुरावट ऑपेराचा कसलेला गळा मागते, हा युक्तिवाद खोटा नाही. नायक हॅरी बेलाफॉन्टे हाही नामवंत गायक, पण त्यालाही उसना आवाज देण्यात आला. मात्र त्याच चित्रपटात पर्ल बेली स्वतःच्या आवाजात गाते आणि तिचे गाणे चित्रपटातील सर्वांत जिवंत क्षणांपैकी एक ठरते. १९५९ च्या 'पोर्गी अँड बेस'मध्ये पुन्हा तेच घडले; तेथे डॅण्ड्रिजसाठी एडेल ॲडिसन गायली. ॲडिसन कृष्णवर्णीय होती, त्यामुळे सगळा दोष वर्णद्वेषावर टाकणे सोपे असले तरी पुरेसे नाही. एवढे मात्र खरे की गाण्यावर वाढलेल्या या स्त्रीच्या दोन सर्वांत मोठ्या भूमिकांत तिचे गाणे ऐकू येत नाही.

'कार्मेन जोन्स'साठी तिला प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मार्च १९५५ मध्ये पारितोषिक ग्रेस केलीला मिळाले. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. तिच्यासाठी पुढे भूमिकाच नव्हत्या. चित्रपटसृष्टीच्या आचारसंहितेने गौर व कृष्ण वर्णांतील शरीरसंबंध दाखवण्यास १९५६ पर्यंत मनाई केली होती. नायक मात्र बहुतेक सारे गोरे. मग नायिका कोणाची व्हायचे? 'द किंग अँड आय'मधील टुप्टिम या गुलाम मुलीची दुय्यम भूमिका तिने नाकारली. तशी ती नाकारण्याचा सल्ला प्रेमिंजरचाच होता, आणि तेव्हा दोघांचे प्रेमसंबंधही होते. टुप्टिम रीटा मोरेनोने केली. डॅण्ड्रिजचा पुढचा चित्रपट 'आयलंड इन द सन' थेट १९५७ मध्ये आला.

त्याच वर्षी 'कॉन्फिडेन्शियल' या चव्हाट्यावरच्या मासिकाविरुद्ध लॉस एंजेलिसमध्ये खटला चालला. लेक टाहोच्या रानात तिने एका गोऱ्या पुरुषाबरोबर प्रणय केला, असे त्या मासिकाने छापले होते. साक्षीत तिने सांगितले की तेथे वर्णभेद इतका कडक होता की गोऱ्या माणसाबरोबर असे फिरणे तिला शक्यच नव्हते. चारित्र्य निर्दोष ठरवण्यासाठी तिला आपल्यावरच्या अन्यायाचाच दाखला द्यावा लागला.

उरलेली कहाणी दुःखाची आहे, ती लांबवण्यात अर्थ नाही. मेंदूची वाढ खुंटलेली मुलगी, मोडलेले दोन विवाह, १९६३ मधील दिवाळखोरी. ८ सप्टेंबर १९६५ रोजी बेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

१९५८ मध्ये वर्व्ह कंपनीसाठी ऑस्कर पीटरसनच्या साथीने तिने एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका गायली होती. ती गाणी चाळीस वर्षे कंपनीच्या कपाटात पडून राहिली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हॅली बेरीने दूरचित्रपटात तिची भूमिका केली. २००२ मध्ये बेरीने प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर स्वीकारताना ज्यांची नावे घेतली, त्यांत डॅण्ड्रिजचे नाव होते. हल्ली आम्ही वर्गात 'कार्मेन जोन्स'मधील प्रवेश दाखवतो, तेव्हा त्यानंतर ही गाणीही ऐकवतो. आवाज मऊ, थोडा खालच्या पट्टीतला. हॉर्नच्या आवाजाशी त्याचे काहीही साम्य नाही.