बँडवाल्यांचा दुसरा पगार

मागच्या शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राच्या बँडचा कार्यक्रम होता. पाच जण, त्यातले चार आपल्यासारखेच आयटीवाले. तीन तास जीव तोडून वाजवलं. शेवटी कॅफेवाल्याने जे पाकीट हातात ठेवलं त्यातून सामानाचा टेम्पो वजा केला, तर माणशी एक बरं जेवण निघालं असतं, बस्स. नंतर गाडीवर वडापाव खाताना मित्राने विषय काढला. एक जण त्यांना जाहिरातींचं संगीत वाजवायला बोलावतोय. पैसे चांगले आहेत, पण नाव कुठेच येणार नाही आणि सगळे हक्क सही करून देऊन टाकायचे. "काय करू रे?"

आता हे मला काय विचारतोस बाबा? मी गेली बारा वर्षं दुसऱ्यांच्या नावावर कोड लिहितोय. :)

पण घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी याच मुंबईत शेकडो वादकांना पडला होता. आणि त्यांनी दिलेलं उत्तर आपण सगळे अजून गुणगुणतो.

ही मंडळी गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वगैरे वाजवायला शिकवत. शिक्षण मिळायचं, पण पोर्तुगीज गोव्यात नोकऱ्या कुठे होत्या? मग मुंबई. धोबीतलावच्या आसपास गावागावांचे 'कूड' होते, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांची स्वस्तातली राहायची जागा. ट्रंक तिथे टाकायची आणि काम शोधायला बाहेर पडायचं.

मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्यासमोर बसून वाजवायचं काम असायचं. १९३१ साली 'आलम आरा' आला, पडदा स्वतःच बोलायला लागला आणि ते काम गेलं. (तंत्रज्ञानाने नोकऱ्या जाणं हे काही आपल्याच नशिबी आलेलं नाही.) मग हॉटेलं आणि क्लब. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईला जॅझचं वेड लागलं. गोव्याच्या वादकांनी ते भराभर उचललं. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवायला लागला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पण एवढं नाव होऊनही बँडचं पोट काठावरच. त्यातून १९४७ नंतर गोरे साहेब गेले, संस्थानिकांचे दरबार आटले आणि १९५० मध्ये मुंबई प्रांतात पूर्ण दारूबंदी आली. दारू नाही म्हटल्यावर क्लबात येतो कोण? लग्नं होती, नाताळचे डान्स होते, मुंबईत १८९२ साली सुरू झालेला कोंकणी तियात्र होता आणि त्यालाही वादक लागायचे. पण एवढ्यावर घर चालेना.

आणि नेमकं तेव्हाच हिंदी सिनेमाच्या संगीताला मोठ्या वाद्यवृंदाची भूक लागली होती.

इथे गंमत आहे. संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची. तो ती पेटीवर वाजवून किंवा गाऊन दाखवायचा. पण पन्नास माणसांनी एकाच वेळी काय वाजवायचं हे तोंडी कसं सांगणार? त्या काळी गायक आणि वादक सगळे एकदमच रेकॉर्ड व्हायचे. एक जण चुकला की पहिल्यापासून पुन्हा. म्हणजे कागदावर लिहून देणारा आणि समोर कागद ठेवला की लगेच वाजवणारा, असे दोघेही हवेत. गोव्याच्या शाळेत शिकलेल्या पोरांकडे नेमकं तेच होतं. शिवाय वेळापत्रकही जुळायचं. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल.

आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक चॉकलेट सहायक झाला. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' पुन्हा बघा, तो त्यात बँडसकट पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसूझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे. मुंबईत आल्यावर ते शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले आणि वर्षानुवर्षं त्यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहीत राहिले.

मग घोडं पेंड कुठे खातं? वादकाला पैसे मिळायचे त्या रेकॉर्डिंगपुरते. रॉयल्टी नाही, रेकॉर्डवर नाव नाही, आणि अरेंजरचं नाव आलंच तर 'सहायक' म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर तासावर बिलिंग आणि प्रॉडक्ट क्लायंटचं. जोडधंदा म्हणून धरलेलं काम हळूहळू मुख्य झालं आणि स्वतःचा बँड रविवारपुरता उरला. पुढे ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आला आणि एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायची सोय झाली. त्यानंतर मोठे वाद्यवृंद आटत गेले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, पण तोवर या पिढीतले बरेच जण गेले होते. चिक चॉकलेट तर १९६७ सालीच गेला.

पण सगळेच नुसते पगारी राहिले नाहीत, आणि मला सांगायचंय ते हेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दिवसभर स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे, अरेंजिंग करायचे. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, रागदारी आणि सिंफनी एकत्र आणणारा. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! तो फार काळ टिकला नाही, आणि १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. पण त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधला प्यारेलाल झाला, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी बसलं. ते अंड्यातून बाहेर येणारं गाणं म्हणजे गुरुदक्षिणा आहे, हे मला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं. फ्रँक फर्नांड यांनीही हिंदी सिनेमात कित्येक वर्षं ट्रंपेट आणि अरेंजिंग केलं आणि मग १९६३ मध्ये 'आमचें नशीब' हा कोंकणी सिनेमा काढला.

तर रविवारी सकाळी मित्राला फोन केला. म्हटलं, घे ते काम. त्यात कमीपणा काही नाही, चिक चॉकलेटनेही घेतलं होतं. पण दोन गोष्टी कर. कोणत्या जाहिरातीत कोणी काय वाजवलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेव, आणि मिळालेल्या पैशातला ठरावीक हिस्सा बँडच्या स्वतःच्या गाण्यांसाठी बाजूला काढ. पहिल्या महिन्यापासून. नंतर काढू म्हटलं की राहून जातं.

"आणि तू?" तो म्हणाला. "तुझं ते स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिणार होतास, त्याचं काय झालं?"

मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, नंतर बोलू.