जुनं जहाज कुठे उभं करायचं? १९७१ चं उत्तर

अंतराळातल्या लढायांचे स्ट्रॅटेजी गेम खेळत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. नवं तंत्रज्ञान हाती आलं की जाड कवचाची, पण मंद आणि जुनी जहाजं मोडीत काढायची की ठेवायची? आपल्या चिखलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, पण याचं उत्तर मला समुद्रावरच सापडलं. साल १९७१.

भारताकडे तेव्हा एकच विमानवाहू जहाज होतं, ‘विक्रांत’. ब्रिटिशांनी ते दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलं होतं, आपल्या नौदलात आलं १९६१ मध्ये. युद्धाच्या तोंडावर त्याच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे पूर्ण वेग मिळत नव्हता. वरची सी हॉक विमानंही ध्वनीपेक्षा कमी वेगाची. पश्चिमेला पाकिस्तानकडे मिराज आणि स्टारफायटर होती. पूर्वेला मात्र ढाक्यात जुन्या सेबर विमानांचं एकच स्क्वाड्रन. म्हणून विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. जहाज तेच, दुखणंही तेच. फक्त समोरचा शत्रू निवडून घेतला.

आता तिला बुडवायला कोण आलं बघा. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी, तीही दुसऱ्या महायुद्धातली, मूळची अमेरिकन. इतक्या लांब जाऊ शकेल अशी त्यांच्याकडे तीच एक होती. विक्रांत अंदमानकडे लपवून पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमला असल्याचा भास निर्माण केला. मोठ्या प्रमाणात रसद मागवली, आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने विक्रांत असल्यासारखे रेडिओ संदेश पाठवले. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. राजपूतच्या मार्‍याने, असं भारत म्हणतो. अपघाती स्फोटाने, असं पाकिस्तान म्हणतं. पण ती आमिषाजवळ आली होती, हे खरं.

इथपर्यंत ऐकून वाटेल, जुनं ते सोनं! थांबा.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाणबुडीच्या शोधात होती. खुकरी १९५० च्या दशकातली. समोर ‘हंगोर’, फ्रेंच बनावटीची, जेमतेम दोन वर्षं वापरातली पाणबुडी. हंगोरचा टॉर्पेडो लागला आणि खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले.

माझ्या मते फरक वयाचा नाहीच. विक्रांतला तिला झेपेल तिथे नेलं, राजपूतला फक्त दिसायचं काम दिलं. खुकरीला मात्र जे काम दिलं, त्यातच शत्रू तिच्यापेक्षा एक पिढी पुढे होता. जुनं जहाज मार खाऊन टिकेल, हा भरवसा पाण्याखालून येणाऱ्या टॉर्पेडोपुढे चालत नाही.

गेममध्ये आपण जुनी जहाजं पुढे ढकलतो, कारण ती ‘स्वस्त’ असतात. गेली तर सेव्ह केलेला डाव परत लोड करतो. दीवला खुकरीचं स्मारक आहे. कधी गेलात तर तिथे जरूर थांबा.

भेटू पुढच्या भागात!