जुन्या गाडीतला स्वस्त पेट्रोल पाइप घाटात किती महाग पडू शकतो?

पावसाळा सुरू झाला की जव्हारकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास पॅलेस बघायला मुंबई आणि नाशिक अशा दोन्ही बाजूंनी लोक येतात. त्यात एखादी प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी पेट्रोल जीप किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० दिसली की माणसं वळून बघतात.

अशी गाडी लांबच्या रस्त्यावर काढण्याआधी मालक टायर, ब्रेक, बॅटरी आणि रेडिएटर तपासून घेतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणारा रबरी पाइप, त्याच्या क्लिपा, फिल्टर आणि पंप यांच्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हेच भाग बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात आणि बिघडले तर गाडी पेटवू शकतात.

स्वस्त पार्टमध्ये नेमका काय धोका असतो? तो टाळायचा कसा? समजून घेऊया.

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर धोका का वाढतो?

मनोरजवळच्या सखल भागातून विक्रमगडमार्गे रस्ता वर चढतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. पुढे मोखाडा, तिथून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वर आणि मग नाशिक. वळणं आणि चढ-उतार संपत नाहीत.

सपाट रस्त्यावर जुन्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते. इंजिन जोरात फिरतं, पण गाडीचा वेग कमी असल्यामुळे बोनेटखालची उष्णता बाहेर पडत नाही. खड्ड्यांमुळे पाइप आणि क्लिपा सतत हादरत राहतात. शहरात महिनोन्‌महिने तग धरलेला कमजोर पाइप इथे तासाभरात हार मानू शकतो.

दुसरी अडचण मदतीची. गावं विखुरलेली आहेत, दोन वस्त्यांच्या मध्ये मोबाइलची रेंज जाते आणि अग्निशमनाची गाडी वळणाच्या रस्त्याने पोहोचायला वेळ लागतो. पेट्रोलची आग मात्र काही मिनिटांत अख्खी गाडी खाते.

मग ओरिजिनल पार्टच का घेत नाहीत?

कारण बऱ्याच गाड्यांचे ओरिजिनल पार्ट आता बनतच नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. ते उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ झाला. अ‍ॅम्बेसेडर बनवणं २०१४ मध्ये थांबलं, मारुती ८०० सुद्धा त्याच वर्षी बंद झाली. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली आणि या पार्टांचा एक मोठा, रोजचा ग्राहकही गेला.

आता उरतात तीन पर्याय. कुठल्या तरी दुकानात पडून राहिलेला जुना ओरिजिनल माल, भंगारातल्या गाडीचा काढलेला पार्ट किंवा नवा ‘लोकल’ पार्ट. गंमत अशी की इथे ओरिजिनल म्हणजे सुरक्षित असंही नाही. २५ वर्षं डब्यात पडलेला डायाफ्राम किंवा पाइप न वापरताही कडक होतो. शिवाय तो ज्या पेट्रोलसाठी बनला होता, ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही.

म्हणून इथे प्रश्न ओरिजिनल की लोकल हा राहत नाही. हा पार्ट कशाचा बनला आहे आणि तो आजच्या पेट्रोलमध्ये टिकेल का, हे बघायचं असतं.

पेट्रोलमध्ये काय बदललं?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत महाराष्ट्रातली दोन ठिकाणं होती, मिरज आणि मनमाड. २००१ मध्ये तिथे ५ टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल देऊन बघितलं गेलं. २००३ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल असलेलं ‘ई-२०’ पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचलं.

नव्या गाड्या हे पेट्रोल लक्षात घेऊन बनवल्या जातात. जुन्या गाड्यांच्या वेळी असा विचारच नव्हता. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्टीकरण देताना म्हटलं, की काही जुन्या गाड्यांमध्ये साधारण २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, असंही मंत्रालयाने सांगितलं.

काम स्वस्त आहे हे खरं. पण बदलून बसवलेलं रबर पुन्हा हलक्या दर्जाचं असेल तर तो खर्च वाया जातो.

इथेनॉल दोन प्रकारे त्रास देतं. एक म्हणजे हलक्या दर्जाच्या रबरात ते शिरतं. रबर फुगतं, मऊ पडतं आणि वाळल्यावर कडक होऊन तडकतं. दुसरं म्हणजे ते हवेतला ओलावा शोषतं. जव्हारसारख्या भरपूर पावसाच्या भागात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत पाणी साठून गंज धरतो. तोच गंज पुढे फिल्टर आणि कार्ब्युरेटरमध्ये जातो.

कोणता पार्ट कसा दगा देतो?

रबरी पाइप: दिसायला सगळे काळे पाइप सारखेच. पण पाण्यासाठी किंवा हवेसाठी बनवलेला पाइप पेट्रोलला चालत नाही. साध्या रबराचा पाइप आतून सोलवटतो आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. गाडी मिसिंग मारते आणि मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करत बसतो, दोष मात्र पाइपात असतो. पुढे बाहेरून तडे जातात आणि गळती सुरू होते.

क्लिप: स्क्रूने आवळायच्या पट्टीवाल्या स्वस्त क्लिपांच्या कडा धारदार असतात. जास्त आवळल्या की त्या मऊ पाइप कापतात. कमी आवळल्या तर घाटातल्या हादऱ्यांनी पाइप सरकतो. क्लिपऐवजी तारेने बांधलेला पाइप तर सरळ धोक्याची सूचना समजावी.

फिल्टर: पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर सोयीचा, आतला कचरा दिसतो. पण हलकं प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ होतं आणि पाइपाची तोंडं चिरतात. असा फिल्टर एक्झॉस्टजवळ लोंबकळत ठेवला तर धोका दुप्पट.

मेकॅनिकल पंप: इंजिनवर बसणारा हा पंप अनेक गॅरेजमध्ये ‘एसी पंप’ म्हणून ओळखला जातो. त्यातला डायाफ्राम फाटला तर पेट्रोल बाहेर टपकतं किंवा थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो. स्वस्त पंप बसवताना तो वगळला तर पंप तापतो, पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि गाडी चढावर बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून पुढे जाणं हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय. तो तात्पुरता चालतो, पण वारंवार करावा लागत असेल तर पंपाची जोडणी तपासायला हवी.

इलेक्ट्रिक पंप: मेकॅनिकल पंप मिळत नाही म्हणून अनेक जण स्वस्त इलेक्ट्रिक पंप लावतात. इथे दोन चुका होतात. कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार इतकाच दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुमारे ३ बार, म्हणजे दहापट दाब देतो. तो जोडला तर नीडल पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

दुसरी चूक अधिक गंभीर. मेकॅनिकल पंप इंजिनबरोबर थांबतो. इलेक्ट्रिक पंप थेट चावीवर जोडला असेल तर अपघातात इंजिन बंद पडलं आणि पाइप तुटला तरी तो पेट्रोल ओततच राहतो. म्हणून इंजिन थांबताच वीज तोडणारा रिले किंवा धक्क्याने बंद होणारा स्विच लावणं गरजेचं आहे.

नीडल आणि फ्लोट: कार्ब्युरेटरच्या स्वस्त रिपेअर किटमधली नीडल नीट बसत नसेल तर पेट्रोल चेंबरमधून वर येऊन बाहेर सांडतं. तापलेलं इंजिन बंद केल्यावर वास येत राहिला तर ती तपासावी.

गळतीपासून आगीपर्यंत किती अंतर?

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. याचा अर्थ आपल्याकडे कोणत्याही ऋतूत पेट्रोल सांडलं की वरची हवा पेटण्याजोगी असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोनेटखाली आणि गाडीच्या तळाशी साठते. ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटर, डायनामो किंवा सैल झालेली बॅटरीची वायर पुरते. ठिणगी नसली तरी घाट चढून लालबुंद झालेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलेलं पेट्रोल आपोआप पेटू शकतं. अनेक जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड एकमेकांना लागूनच असतात.

डिझेल जीपचं काय? डिझेल इतकं चटकन पेटत नाही. तरी तडकलेल्या पाइपातून उडालेलं डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर तेही पेट घेतं. त्यामुळे पाइप आणि क्लिपांचा नियम त्यांनाही लागू होतो.

पार्ट घेताना काय बघायचं?

- पाइपावर लांबीभर छापलेला मजकूर वाचावा. ‘एसएई जे-३०’ हे इंधनाच्या पाइपांचं मानक आहे. त्यातला आर-७ कमी दाबासाठी असतो. आर-९ मध्ये आतून फ्लुओरो रबराचा थर असतो आणि इथेनॉलपुढे तो जास्त टिकतो. काहीच छापलेलं नसलेला पाइप पेट्रोलसाठी घेऊ नये.
- नुसत्या छापावरही विसंबू नये, छाप नकली असू शकतो. नेहमीच्या, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावा.
- पाइपाचं माप अचूक हवं. सैल पाइप क्लिपेने दाबून बसवणं धोक्याचं.
- क्लिपा गोल कडांच्या, एकसारखा दाब देणाऱ्या घ्याव्यात.
- पंपाचं किंवा कार्ब्युरेटरचं किट घेताना डायाफ्राम आणि गॅस्केट इथेनॉलला चालणारे आहेत का, हे स्पष्ट विचारावं.
- दाखवण्यापुरता एकच तुकडा बदलू नये. टाकीजवळचा, गाडीखालचा आणि इंजिनजवळचा असे सगळे रबरी तुकडे एकदम बदलावेत. गळती बहुतेकदा न दिसणाऱ्या तुकड्यात असते.

चांगला पाइप आणि साधा पाइप यांच्या किमतीतला फरक पूर्ण गाडीसाठी काहीशे रुपयांचा. एका रंगकामाच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

कायदा काय सांगतो?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी. पालघर जिल्ह्यातल्या गाड्यांचा क्रमांक एमएच-४८ ने सुरू होतो. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक घेता येतो. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

सदोष पार्टमुळे नुकसान झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार भरपाई मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण त्यासाठी बिल हवं. बिनबिलाच्या पार्टची जबाबदारी कुणावर टाकणं अवघड जातं.

घाटात पेट्रोलचा वास आला तर?

गाडी लगेच बाजूला घ्यावी, चावी बंद करावी आणि सगळ्यांना उतरवून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, गाडीपासून लांब उभं करावं. बिडी-सिगारेट पेटवू देऊ नये. इंजिन थंड होईपर्यंत पुन्हा स्टार्टर मारू नये. गळती कुठे आहे ते सापडल्याशिवाय ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा हिशेब करू नये.

बोनेटखालून धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर बोनेट पूर्ण उघडू नये, आत हवा शिरून आग भडकते. फटीतून ड्राय पावडरचा अग्निशामक मारावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर पेटलेलं पेट्रोल पसरतं. आग पहिल्या प्रयत्नात आटोक्यात आली नाही तर गाडी सोडून लांब जावं आणि ११२ वर फोन करावा.

एबीसी प्रकारचा अग्निशामक डिकीत सामानाखाली ठेवला तर उपयोग नाही. तो ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा हवा आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे निघण्याआधी बघायला हवं.

त्याच वेळी आणखी पाच मिनिटं द्यावीत. थंड इंजिनवर प्रत्येक पाइप वाकवून तडे बघावेत, क्लिपांवरून कोरडं फडकं फिरवावं आणि डिपस्टिकचा वास घ्यावा. मग इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून, बंद करून पुन्हा तेच बघावं. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी घाटात नेऊ नये.