मेणबत्तीचे माप

लंडनमध्ये वायुदीप रुळले, तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजी ते वायूच्या घनफुटांचे. त्याला हवा असे तो उजेड. तो पुरेसा मिळतो की नाही, हे ठरविणार कोण? १८६० च्या कायद्याने देवमाशाच्या मस्तकातील मेणाची, ताशी १२० ग्रेन जळणारी मेणबत्ती प्रमाण मानली. परीक्षक वायुदीप आणि मेणबत्ती यांच्यामध्ये तेलाचा डाग पडलेला कागद सरकवीत. डाग दिसेनासा झाला, की दोन्ही अंतरांच्या वर्गांवरून दिव्याचे बळ काढीत. पण मेणबत्तीच ती! वात वाकली, की माप बदलले. पुढे नाना दिवे आजमावले गेले. १९४८ साली गोठत्या प्लॅटिनमचे तेज प्रमाण ठरले, १९७९ साली एक हिरवा प्रकाश. हिरवाच का? दिवसा मानवी डोळ्याला तोच सर्वांत तेजस्वी भासतो. एककाचे नाव मात्र ‘कँडेला’च राहिले, म्हणजे लॅटिनमधली मेणबत्ती.