गोमांसाचा दर्जा : जात, आहार आणि वय

बेंगळुरू : जनावराची जात, आहार व वय यांवर मांसाचा दर्जा ठरतो. जपानी वाग्यू व स्कॉटिश अँगस गुरांच्या स्नायूंत चरबी साठत असल्याने त्यांचे मांस मऊ व रसाळ असते. धान्याच्या खुराकाने ही चरबी वाढते. हिरव्या चाऱ्यातील बीटा-कॅरोटिनमुळे ती पिवळसर होते. कर्नाटकातील हळ्ळीकर, अमृतमहाल या जाती मात्र ओढकामासाठी जोपासल्या गेल्या. राज्याच्या २०२० च्या कायद्याने गाय, बैल व वासरांच्या कत्तलीस बंदी असून, १३ वर्षे पूर्ण झालेल्या म्हशी-रेड्यांनाच त्यातून वगळले आहे. वाढत्या वयात स्नायूंतील कोलॅजेनचे बंध घट्ट होतात. परिणामी हे मांस चिवट असते व मंद आचेवर दीर्घकाळ शिजवावे लागते. त्यामुळे बेंगळुरूत कायदेशीर मांसाच्या दर्जात जात वा खुराकापेक्षा वयाचाच प्रभाव अधिक राहतो.