पोढी, रुपया आणि रोगजंतू

मंडळी, जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. वर्ष घातले आहे ४६. अयमाने दान काय दिले? एक मंडप आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. याच नहपानाची चांदीची नाणी १९०६ साली नाशिककडे जोगळटेंभीला सापडली, ती तेरा हजारांवर! पाणी आणि चांदी, दोन्हींचे मोल आपल्या मुलखाला जुनेच ठाऊक.

आता घरात या. जुन्नर असो की आंबेगाव, ऐपत असली तर बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी येतेच. कुणी आजी पाण्याच्या कळशीत रुपयाही टाकी. ही का नुसती समजूत? नाही. १८६९ साली रोलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसले, की चांदीच्या भांड्यात बुरशी वाढत नाही. चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात, जंतूंच्या शरीरातील प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचा जीवनव्यापार बंद पाडतात.

वैद्यकाने हा गुण कामाला लावला. १८८० च्या सुमारास जर्मनीत डॉ. क्रेडे नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागले. त्यांच्या प्रसूतिगृहात शंभरांत दहाएक बाळांना होणारा नेत्ररोग शंभरांत एकाच्याही खाली आला. किती लेकरांची दृष्टी वाचली! पुढे १९६८ साली डॉ. फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी चांदीयुक्त मलम पुढे आणले.

मग कळशीत रुपया टाकून भागेल का? इथेच फसगत होते. राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. १९४० साली ती निम्म्यावर आली, १९४७ च्या रुपयात उरलीच नाही. आजचा रुपया तर पोलादी. आणि नाणे खरे चांदीचे असले, तरी त्यातून उतरणारी चांदी फार थोडी आणि काम फार संथ. पटकीचे जंतू तोवर थांबत नाहीत.

म्हणून गुरुजींनो, मुलांना इतिहास सांगा, पण पाणी उकळायला किंवा त्यात क्लोरीन घालायलाही शिकवा. भाजले तर आधी जखमेवर गार पाणी सोडा. मलम डॉक्टर सांगतील ते. चांदीची वाटी कौतुकाने जपा. पण गावचे टाके स्वच्छ राखणे, हेच अयमाच्या दानाचे खरे पुण्य.