हिंगणघाटची पेठ आणि वर्धा शिक्षणयोजनेतील विक्रीचा प्रश्न

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेचा विचार बहुधा शिक्षणशास्त्राच्या अंगाने होतो. हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा किंवा कसे, हा त्या चर्चेचा मुख्य विषय ठरून गेला आहे. परंतु योजनेचे जे कलम त्या काळी सर्वांत अधिक वादग्रस्त झाले ते अर्थशास्त्रीय होते. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा चालू खर्च, निदान शिक्षकाचे वेतन, निघावे काय? या प्रश्नाच्या विवेचनात हिंगणघाटचे नाव सहसा येत नाही. ते यावयास हवे. ज्या जिल्ह्यात ही योजना जन्मास आली त्याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या आग्नेयेस सुमारे ३५ किलोमीटरवर, वणा नदीच्या काठी एक अशी पेठ होती की, बाजार गुणाची पारख कशी करतो याचा अनुभव तिने दोन पिढ्या आधीच घेतला होता.

हिंगणघाटच्या कापसाची ख्याती एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलपर्यंत पोहोचली होती. पेठेच्या नावानेच तो कापूस ओळखला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना मालाची टंचाई भासू लागली, तेव्हा या भागाचे महत्त्व एकदम वाढले. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा करण्यात आला आणि १८६६ च्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. ही सारी काळजी प्रामुख्याने ‘बनी’ या लांब व तलम धाग्याच्या जातीसाठी होती. तथापि पुढील काळात बनी मागे पडली आणि तिची जागा ‘जडी’सारख्या जाड्याभरड्या, आखूड धाग्याच्या जातींनी घेतली. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नव्हे. जडीचे पीक अधिक येई, सरकीच्या मानाने रुई अधिक निघे, आणि तलम धाग्यास मिळणारा जादा भाव ही तूट भरून काढण्यास पुरेसा नसे. जाड सूत काढणाऱ्या गिरण्यांना आखूड धागा चालतही होता. तराजूत रुईचे वजन दिसते, धाग्याचा तलमपणा दिसत नाही. शेतकऱ्याने तराजूचे म्हणणे ऐकले, इतकेच. १८८० नंतर खुद्द हिंगणघाटात कापडगिरणी सुरू झाली आणि कापसाबरोबर सूतही याच गावात यंत्राच्या भावाने तयार होऊ लागले.

या यंत्राच्या भावाशी वर्ध्याच्या शाळकरी मुलाचे सूत कसे टिकावे, हा प्रश्न योजनेच्या कर्त्यांना सुचला नव्हता असे मुळीच नाही. ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये महात्मा गांधींनी स्वावलंबी शिक्षणाची कल्पना मांडली तेव्हाच तिला एक अट जोडली होती: शाळांनी तयार केलेला माल सरकारने विकत घ्यावा. जमीन, इमारत व साधने यांचा खर्च विक्रीतून निघावा अशी अपेक्षा त्यांनी केली नव्हती. टीकाकारांनी, आणि काही वेळा अनुयायांनीही, ही अट नजरेआड केली व गांधीजी मुलांना उघड्या बाजारात उभे करू पाहतात असा समज रूढ केला. वस्तुतः त्या अटीत बाजाराविषयीचा अविश्वासच गृहीत आहे.

मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योग यांविषयीच्या ठरावांबरोबर चौथा ठरावही तेथे संमत झाला. या पद्धतीतून शिक्षकांचे वेतन क्रमाक्रमाने निघू लागेल, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली होती. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी यास हरकत घेतली. सरकारी साह्यावर चालणाऱ्या शाळांचा माल पेठेत आला की त्याची स्पर्धा गिरणीशी होणार नाही, ती गावातल्या विणकराशी आणि सुताराशी होईल, हा त्यांचा मुद्दा होता. डॉ. झाकिर हुसेन यांची शंका वेगळ्या प्रकारची, आणि अधिक खोल जाणारी होती. स्वावलंबनावर फाजील भर दिला गेला तर शिक्षक मुकादम होईल आणि गरिबांच्या मुलांचे श्रम पिळले जातील. मग पुस्तकांपेक्षा टकळीच अधिक घातक ठरेल. पहिला आक्षेप ग्राहकासंबंधी होता, दुसरा मुलासंबंधी. योजनेचा इतिहास लिहिताना या दोहोंची गल्लत होते. ती टाळली पाहिजे.

झाकिर हुसेन यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू व स्वतः शहा हे होते. डिसेंबर १९३७ मध्ये समितीने आपला अहवाल दिला. त्यातील वेळापत्रक बारकाईने पाहण्याजोगे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास. संगीत, चित्रकला व गणित या तिहींस मिळून ४० मिनिटे. मातृभाषेस ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास अर्धा तास. उरलेली २० मिनिटे व्यायाम आणि मधली सुटी यांत. वर्षाचे कामाचे दिवस २८८. या मांडणीत चित्रकलेस उद्योगापासून तोडलेले नाही. डोळ्यास आकार व रंग यांची पारख यावी, सौंदर्याची जाण यावी, आणि जी वस्तू तयार करावयाची तिचे रेखाटन व नक्षी मुलास स्वतः काढता यावी, असे तिचे हेतू सांगितले आहेत. परंतु विक्रीचा हिशेब ज्या तासांचा व्हावयाचा ते तास तीनावर, आणि नजर घडविणारे तास गणिताशी वाटून घेतलेल्या ४० मिनिटांत, ही विषमता स्पष्ट आहे. बनी आणि जडी यांची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. मात्र समितीची भूमिका सावध होती, हेही नमूद केले पाहिजे. योजना स्वावलंबी झाली नाही तरी शैक्षणिक धोरण म्हणून ती स्वीकारणीयच आहे, असे अहवालाने स्पष्ट केले.

फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने पहिली तीन तत्त्वे स्वीकारली. चौथे तिच्या ठरावात आले नाही. त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विक्रीयोग्य वस्तू तयार व्हाव्यात व त्यांचे उत्पन्न शाळेच्या खर्चास लागावे, इतपत मान्यता दिली. मध्यप्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेने निराळीच वाट धरली: दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवावयाची. एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यास या योजनेचे शिक्षक-प्रशिक्षणही सुरू झाले. एकाच गावात शाळेच्या खर्चाची दोन उत्तरे, एक हस्तकौशल्याच्या विक्रीचे व दुसरे भूमिदानाचे, शेजारी शेजारी नांदत होती. १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हुकमी ग्राहक होऊ शकेल असे सरकारच उरले नाही.

मग माल घेणार कोण? येथे वर्ध्याचा दुसरा अनुभव लक्षात घ्यावा लागतो. चरखा संघाने १९३५ मध्ये कातणाऱ्यास किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. खादीची किंमत त्यामुळे वाढली, आणि ती देण्यास तयार असलेल्या खरेदीदाराच्या विवेकबुद्धीवर खादी अवलंबून राहिली. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगनवाडीत गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ग्रामोद्योगाच्या वस्तू व अवजारे मांडून गिऱ्हाइकाची नजर घडवावी, हा अशा प्रदर्शनांमागील विचार होता. लखनौ व फैजपूर येथील १९३६ च्या काँग्रेस प्रदर्शनांतही तोच दिसतो. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेतील विद्यार्थ्यांनी भाजलेल्या विटा आसपासचे लोक घेत, कारण तेथे विटांची गरज होती. गरज नसलेल्या वस्तूसाठी ग्राहक आधी शिकवून तयार करावा लागतो. सेवाग्रामच्या मुलाच्या सुतास गिरणीच्या कापडाने वेढलेल्या जिल्ह्यात हेच करणे भाग होते.

१९४४ च्या सार्जंट अहवालाने सरकारी बाजूने वाद मिटविला. मूलोद्योग शिक्षण त्याने मान्य केले. परंतु मुलांच्या वस्तूंच्या विक्रीवर शिक्षण चालावे ही अपेक्षा कोणत्याही टप्प्यावर, आणि खालच्या इयत्तांत तर मुळीच, धरता येणार नाही, असा निर्णय दिला. फार तर जादा साहित्य व साधने यांचा खर्च विक्रीतून निघावा. शिक्षकाच्या वेतनापासून कापसाच्या पेळूपर्यंत अपेक्षा खाली येण्यास सात वर्षे लागली. योगायोग असा की, त्याच १९४४ साली शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. चित्रे काढणे आणि मातीची भांडी घडविणे हे त्यांच्या हाती मुलाच्या वाढीचे साधन झाले. त्याच्या मोलाचा हिशेब रुईसारखा तराजूवर होणारा नव्हता. १९५९ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. देवीप्रसाद मात्र १९६२ पर्यंत सेवाग्रामातच होते.